चाँद कुणी पाहिला?

शुक्रवारी, २८ फेब्रुवारी २०२५ला मगरीबची नमाज आटोपली आणि मशिदीबाहेर दरवर्षीचे दृश्य दिसले. कुणी चप्पल पायात सरकवता सरकवता पश्चिमेकडे पाहत होते, कुणी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर चढले होते. शाबान महिन्याची ती २९ तारीख. चाँद दिसला तर त्याच रात्रीपासून तरावीहची नमाज आणि पहाटे पहिली सहरी. दहा मिनिटे गेली, वीस मिनिटे गेली. क्षितिजावर धुळकट तांबूस पट्टा, त्याच्या वर लखलखीत शुक्राची चांदणी, आणि चाँद कुठेच नाही. तेवढ्यात मोबाइल वाजू लागले. सौदी अरेबियात चाँद झाल्याची बातमी आली होती. आपल्याकडे मात्र शाबानचे तीस दिवस पूर्ण करायचे ठरले आणि देशात बहुतेक ठिकाणी रविवारी, २ मार्चला पहिला रोजा झाला.

खरी गंमत शनिवारी संध्याकाळी झाली. त्या दिवशी चाँद शोधावाच लागला नाही. सूर्य मावळताच तो समोर उभा होता, ठळक आणि उंच. भाजीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या बायकांना दिसला, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना दिसला. मोहल्ल्यामोहल्ल्यातून एकच वाक्य ऐकू आले, ‘अरे, हा तर दुसऱ्याचा चाँद! काल झालाच असणार. आपला एक रोजा गेला.’

वाक्य नेहमीचे आहे. जवळजवळ दरवर्षी कुणीतरी ते उच्चारते. पण ते ऐकून एखाद्या वृद्ध रोजेदार बाईच्या मनाला लागलेली रुखरुख महिनाभर जात नाही. ज्या महिन्याची अकरा महिने वाट पाहिली, त्याचा पहिलाच दिवस हुकला की काय, ही शंका छोटी नसते. तिचे उत्तर मात्र आकाशात आहे, आणि ते समजायला फार मोठे गणित लागत नाही.

ठळक कोर काय सांगते?

अमावस्या म्हणजे चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला येण्याचा क्षण. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या पंचांगाच्या कॅलेंडरमध्ये अमावस्या किती वाजता संपते ते छापलेले असते. या वेळी ती शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला सकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. म्हणजे त्या संध्याकाळी आपल्याकडे सूर्य मावळला, तेव्हा नव्या चंद्राचे वय होते अवघे साडेबारा तास.

एवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून सात-आठ अंशच दूर सरकला होता. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. त्या मुठीपेक्षाही कमी अंतर. सूर्यामागोमाग चंद्र अर्ध्या तासाच्या आतच मावळला, आणि तोपर्यंत पश्चिमेचा उजेड पुरता विझलाही नव्हता. आंद्रे डांजाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात निरीक्षणांच्या आधारे दाखवून दिले होते, की चंद्र सूर्यापासून सुमारे सात अंशांच्या आत असेल तर कोर दिसतच नाही. त्याच्या थोडी पलीकडे गेलेली कोरही नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. निष्णात निरीक्षकांनी उंच डोंगरावरून, अगदी स्वच्छ हवेत, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली सर्वांत कोवळी कोर साडेपंधरा तासांच्या आसपासची आहे. साडेबारा तासांची कोर शहराच्या गच्चीवरून दिसणे शक्यच नव्हते.

मग शनिवारी ती एवढी मोठी कशी? कारण त्या दिवशी चंद्राचे वय एकदम छत्तीस तासांवर गेले होते. त्यातच चंद्र त्या दिवसांत पृथ्वीच्या जवळच्या टोकाला होता आणि अशा वेळी त्याची चाल वेगवान असते. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो सूर्यापासून वीस अंशांहून जास्त दूर गेला होता, म्हणजे दोन मुठींपलीकडे. म्हणून कोर जाड, उंच आणि बराच वेळ टिकणारी.

थोडक्यात, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शुक्रवारी चाँद दिसण्याजोगा नव्हता आणि शनिवारी तो ठळक होता. कोरीची जाडी महिन्याची तारीख सांगत नाही, अमावस्येनंतर किती तास उलटले एवढेच सांगते. अमावस्या पहाटे संपली की पहिल्या संध्याकाळी कोर दिसत नाही आणि दुसऱ्या संध्याकाळी ‘दुसऱ्याची’ वाटावी इतकी मोठी दिसते.

हा वादही आजचा नाही. ‘सहीह मुस्लिम’ या हदीस संग्रहात बत्ने नखला या ठिकाणी थांबलेल्या प्रवाशांचा प्रसंग आहे. त्यांनी चाँद पाहिला, आणि कुणी म्हणाले हा दोन रात्रींचा, कुणी म्हणाले तीन रात्रींचा. इब्ने अब्बास यांच्याकडे गोष्ट गेली, तेव्हा त्यांचा निर्वाळा साधा होता. चाँद ज्या रात्री पाहिला, त्याच रात्रीचा तो धरायचा.

सौदीचे काय, हा पुढचा प्रश्न. मुंबईत सूर्य मावळल्यावर मक्केत तो मावळायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. जितके पश्चिमेला जावे तितका सूर्यास्त उशिरा, आणि तितका चंद्र वयाने मोठा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच शुक्रवारची संध्याकाळ झाली तेव्हा चंद्र चोवीस तासांहून मोठा झाला होता. त्यामुळे एकाच तारखेला एका देशात चाँद व्हावा आणि दुसऱ्यात न व्हावा, यात कुणाची चूक नसते. त्याच ‘सहीह मुस्लिम’मध्ये कुरैब नावाच्या प्रवाशाची हकीकत आहे. तो शाम म्हणजे सीरियातून मदिनेला परतला. शाममध्ये लोकांनी मदिनेच्या एक रात्र आधी चाँद पाहिला होता. मदिनेकर आपल्या पाहण्यावर ठाम राहिले.  एका ठिकाणचा चाँद सर्वांसाठी धरावा की प्रत्येक प्रदेशाने आपला पाहावा, याबद्दल धर्मशास्त्राच्या जाणकारांत जुने मतभेद आहेत. ते आदराने राहू द्यावेत. पण ‘आपला रोजा गेला’ ही रुखरुख मात्र मनातून काढून टाकायला हरकत नाही.

साक्ष द्यायची तर

चाँद पाहण्याला रुअत-ए-हिलाल म्हणतात. हिलाल म्हणजे कोर, रुअत म्हणजे पाहणे. अनेक शहरांत त्यासाठी समित्या असतात. चाँद पाहिल्याचे कुणी सांगत आले तर त्याला विचारले जाते, कुठून पाहिला, किती वाजता, सूर्य मावळला त्या जागेच्या कोणत्या बाजूला, टोके कुणीकडे होती, सोबत आणखी कुणी होते का. हे प्रश्न त्या माणसावर अविश्वास म्हणून नसतात. उत्साहाच्या भरात ढगाची कड, उंचावरून गेलेल्या विमानाची रेघ, काचेवरचे प्रतिबिंब, काहीही चाँद वाटू शकते. शेजारचा ‘तो बघ, तो बघ’ म्हणाला की न दिसलेलेही दिसल्यासारखे वाटते.

आकाश ओळखणाऱ्या माणसाला ही उत्तरे सहज देता येतात. कोरीचा उजळ भाग नेहमी सूर्याच्या बाजूला असतो, टोके विरुद्ध बाजूला. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी आपल्या भागात चंद्र जवळपास सूर्याच्या थेट वर असतो, म्हणून कोर होडीसारखी पाठीवर निजलेली दिसते आणि तिची टोके वर असतात. या दिवसांत कुणी टोके खाली असलेली कोर पाहिल्याचे सांगितले, तर त्याने दुसरेच काहीतरी पाहिले आहे.

न दिसलेले दिसले म्हणू नये, आणि दिसलेले लपवू नये. साक्षीची नीती एवढीच आहे. पण ती पाळायला नजर तयार लागते, आणि नजर एका संध्याकाळीत तयार होत नाही. २९ तारखेला गच्चीवर चढणारे आपण बाकीचे अठ्ठावीस दिवस आकाशाकडे पाहतो का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. हल्ली तर २९ तारखेलाही गच्चीपेक्षा मोबाइलवरच जास्त डोळे असतात. कुणीतरी, कुठेतरी पाहिल्याचा निरोप येतो, तो पुढे पाठवला जातो, आणि ‘पाहिला कुणी?’ हे विचारायचे राहून जाते.

पुस्तकातले आकडे आकाशाशी ताडून पाहण्याची मोठी परंपरा आहे. अब्दुर्रहमान अल् सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ लिहिला. त्यांच्यासमोर टॉलेमी या ग्रीक विद्वानाची यादी तयार होती. ती नुसती उतरवून न घेता त्यांनी तारे स्वतः निरखले आणि त्यांची तेजस्विता जिथे वेगळी वाटली तिथे तसे नोंदवले. आपल्या देशात अठराव्या शतकात जयपूरचे सवाई जयसिंह यांनी हेच केले. तेव्हाच्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहताऱ्यांची स्थाने प्रत्यक्षाशी जुळत नाहीत, विशेषतः नव्या चंद्राच्या दर्शनाबाबत, ही त्यांची तक्रार होती. त्यासाठी दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा उभ्या राहिल्या. जयसिंहांच्या पदरी हिंदू आणि मुस्लिम असे दोन्ही ज्योतिर्विद होते. त्या कामातून तयार झालेला ग्रंथ फारसीत आहे आणि बादशहा मुहम्मदशहाच्या नावावरून त्याला ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ म्हणतात. चाँद नक्की कधी दिसेल, हा प्रश्न केवळ एका समाजाचा कधीच नव्हता.

बातमीत सात, डोळ्यांना तीन

रमजान सुरू होण्याच्या आसपास आणखी एक बातमी गाजली. एकाच वेळी आकाशात सात ग्रह, ग्रहांची रांग, दुर्मीळ योग. अनेकांनी गच्चीवर जाऊन पाहिले आणि निराश होऊन खाली आले. इथेही साक्षीचाच नियम लावून पाहावा. सातांपैकी युरेनस आणि नेपच्यून शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शनी सूर्याच्या उजेडात बुडालेला होता, १२ मार्चला तो सूर्याच्या दिशेलाच होता. बुध क्षितिजाजवळ होता, तो कष्टाने सापडत होता. राहिले तीन. पण हे तीन असे आहेत की त्यांच्यासाठी दुर्बीण लागत नाही, अंधारे रान लागत नाही, बाजारपेठेच्या दिव्यांतूनही ते दिसतात.

पहिला शुक्र. इफ्तारची खजूर तोंडात टाकून, नमाज पढून बाहेर आले की पश्चिमेला जे सर्वांत तेजस्वी दिसे ते तोच. चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात एवढे झळाळते दुसरे काही नाही. शनिवारी रमजानचा चाँद त्याच्याच खाली, डाव्या हाताला होता.

दुसरा गुरू. सूर्य मावळताना तो जवळपास डोक्यावर असे. मान पूर्ण मागे टाकली की स्थिर, पिवळसर पांढरा ठिपका दिसे. त्याच्या शेजारी तांबूस तारा होता, ती रोहिणी.

तिसरा मंगळ. गुरूपासून पूर्वेकडे नजर नेली की नारिंगी झाक असलेला हा ग्रह पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ सापडे. तरावीह संपवून रात्री नऊनंतर घरी परतणाऱ्यांच्या डोक्यावर तोच असे, आणि गुरू तोवर पश्चिमेकडे झुकलेला असे.

ग्रह आणि तारा यांतला फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे लुकलुकणे. तारे इतके दूर आहेत की ते निव्वळ बिंदू दिसतात आणि हवेच्या हालचालीने त्यांचा प्रकाश थरथरतो. ग्रह जवळ आहेत, त्यांची छोटीशी का होईना चकती असते, म्हणून त्यांचा उजेड स्थिर वाटतो. क्षितिजाजवळची दाट हवा सोडली तर ही खूण सहसा फसवत नाही.

ज्यांच्याकडे साधी दुर्बीण होती, त्यांच्यासाठी त्या रमजानमध्ये एक खास गोष्ट होती. सूर्य पूर्ण मावळल्याची खात्री करून दुर्बीण शुक्राकडे वळवावी लागे. तो गोल दिसत नव्हता, चंद्रासारखी बारीक कोर दिसत होती. शुक्र तेव्हा पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये येत चालला होता, म्हणून त्याची उजळ बाजू आपल्यापासून वळत होती. गॅलिलिओने १६१० मध्ये शुक्राच्या अशाच कला पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा मोठा पुरावा हाती आला.

शुक्राचा तो महिनाभराचा प्रवास रोजेदारांच्या दिनक्रमाशी चांगला जुळला. १ मार्चला तो सूर्यास्तानंतर सुमारे दोन तास आकाशात होता. मग तो रोज थोडा खाली येत गेला. पंधरा तारखेच्या आसपास इफ्तार आटोपेपर्यंत तो क्षितिजाशी टेकलेला असे, आणि थोड्याच दिवसांत संध्याकाळच्या आकाशातून नाहीसा झाला. २३ मार्चला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून गेला. रमजानच्या अखेरच्या दिवसांत तोच शुक्र फजरच्या नमाजनंतर, सूर्योदयाच्या थोडे आधी, पूर्वेला अगदी खाली दिसू लागला. महिन्याच्या सुरुवातीला इफ्तारचा सोबती असलेला ग्रह महिना संपताना पहाटेचा सोबती झालेला होता. जिज्ञासूंना ८ मार्चच्या आसपास शुक्राच्या खाली, डावीकडे बुधही शोधून पाहता येत होता. त्यासाठी क्षितिज मोकळे हवे होते आणि हात चपळ, कारण तो तासाभरात मावळे.

चंद्र मात्र रोज वर चढत गेला. आदल्या दिवशीच्या मानाने तो सुमारे पाऊण तास ते तासभर उशिरा मावळतो. कोर बारीक आहे तोवर तिच्या कुशीतला काळसर गोलही निरखावा. चंद्राच्या त्या भागावर ऊन नसते, पृथ्वीवरून परतलेला उजेड तिथे पडतो आणि तो अंधूक दिसतो. ५ मार्चला चंद्र कृत्तिकांच्या पुंजक्याजवळ होता, ६ मार्चला गुरूच्या शेजारी, ८ मार्चच्या रात्री मंगळाच्या दिशेने सरकताना. अशा रात्री इफ्तारनंतर एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा चंद्र-मंगळातले अंतर बोटांनी मोजावे. चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेकडे सरकतो. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतः मोजणे वेगळे. ज्या मुलाने ते एकदा मोजले, त्याला एका दिवसात कोर एवढी मोठी कशी झाली हे समजावून सांगावे लागत नाही.

सुरैया आणि कृत्तिका

या आकाशाची आणखी एक ओळख आपल्या गल्लीतच आहे. वर्गात हजेरी घेतली जाते तेव्हा रोहिणी, चित्रा, स्वाती, रेवती, अनुराधा ही नावे येतात. ही सगळी नक्षत्रे. त्याच हजेरीत सुरैया, सुहेल, जोहरा, हिलाल, कमर हीही नावे असतात. तीही आकाशातलीच आहेत. सुरैया म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. जोहरा म्हणजे शुक्र. कमर म्हणजे चंद्र आणि हिलाल म्हणजे त्याची कोर. मंगळाला मिर्रीख, गुरूला मुश्तरी म्हणतात. एका बाकावर बसलेल्या कृत्तिका आणि सुरैया या दोन मैत्रिणींना आपण दोघी एकाच तारकापुंजाच्या नावाच्या आहोत, हे बहुधा कुणी सांगितलेले नसते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री आठच्या सुमारास डोक्यावरून थोडे दक्षिणेकडे पाहिले की मृग नक्षत्र दिसते. त्याच्या पोटातले एका रेषेतले तीन तारे म्हणजे बाण, हे मराठी घरांत आजी-आजोबा सांगत आले. त्या तिघांची जगभर वापरली जाणारी नावे, मिंटाका, अल्निलम आणि अल्निटाक, ही अरबी आहेत. बाणाची रेषा एकीकडे वाढवली की झगमगता व्याध येतो. अरबीत तो शिअ्रा, आणि कुरआनच्या ‘नज्म’ म्हणजे तारा या नावाच्या सूरहमध्ये त्याचा उल्लेख आहे. रेषा दुसरीकडे वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. रोहिणीचे अरबी नाव अल् दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या मागोमाग ती उगवते म्हणून हे नाव पडले.

आणि दक्षिणेला, क्षितिजापासून दोनेक मुठी वर, एकटाच तेजस्वी तारा दिसतो तो अगस्त्य. हाच सुहेल. अगस्त्याचा उदय झाला की पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते, अशी आपल्याकडची समजूत. अरबस्तानच्या वाळवंटात सुहेल पहाटे दिसू लागला की कडक उन्हाळा उतरणीला लागतो, अशी तिथली. ताऱ्याचे नाव वेगळे, प्रदेश वेगळा, पण ऋतूची खूण म्हणून त्याच्याकडे पाहण्याची रीत एकच.

दोन कॅलेंडरे, एक चंद्र

चंद्राचा एक महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणूनच इस्लामी महिना कधी २९ तर कधी ३० दिवसांचा होतो. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. हिंदू पंचांगातही महिना चंद्राचाच, पण तिथे अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून सूर्याशी मेळ बसवला जातो. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते. इस्लामी गणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. उन्हाळ्याचे मोठे रोजे आणि हिवाळ्याचे छोटे रोजे दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात. २०२६ पासून रमजान फेब्रुवारीत, मग जानेवारीत सरकेल, आणि २०३० या एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. म्हणजे येती काही वर्षे रमजानच्या रात्री हिवाळ्याच्या आकाशाखालीच जाणार आहेत. आज मृग आणि व्याध ओळखायला शिकलेल्या मुलाची ती ओळख दरवर्षी उपयोगी पडेल.

चंद्राची वाट पाहणारे केवळ रोजेदारच आहेत असेही नाही. १७ मार्चला संकष्टी होती. त्या रात्री नऊ वाजून गेल्यावर चंद्र उगवला. दिवसभराचा उपवास सोडण्यासाठी शेजारच्या काकू गच्चीवर पूर्वेकडे डोळे लावून होत्या, तेव्हाच तरावीह संपवून लोक मशिदीतून बाहेर पडत होते. कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तरी चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काकू पानावर बसत नाहीत. ज्या बाईला २९ तारखेला चाँद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, तिला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि त्या वर्षी महिन्याचा शेवटही पाहण्यासारखा होता. ३० मार्चला, रविवारी, गुढीपाडवा होता. त्याच दिवशी आपल्याकडे २९ वा रोजा होता. अमावस्या आदल्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास संपली, म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी चंद्र सव्वीस तासांचा होता. तो सूर्यास्तानंतर तासभर तरी क्षितिजावर राहणार होता. आकाश स्वच्छ असेल तिथे त्याला शोधणे कठीण नव्हते. सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, सूर्य जिथे बुडाला त्या जागेच्या वर नजर हळूहळू फिरवावी, मोबाइल खिशात ठेवावा.

मावळतीला घरोघरी गुढ्या उतरवल्या जाणार होत्या. साखरेच्या गाठी मुलांच्या हाती पडणार होत्या. त्याच वेळी, त्याच गच्च्यांवर, ईदचा चाँद शोधणारे लोक चढणार होते. गुढी उतरवणाऱ्यालाही पश्चिमेलाच तोंड करून दोन मिनिटे उभे राहता येणार होते. कोर आधी ज्याला दिसेल त्याने ती बाकीच्यांना दाखवावी. आणि कुणी विचारले, ‘चाँद कुणी पाहिला?’ तर अशा संध्याकाळी मोहल्ल्यातल्या शक्य तितक्या जणांना खरेपणाने सांगता यावे, ‘मी पाहिला.’